रेतीतली मेथी आणि काचेचं बोंड

वरवट बकालच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, तेव्हा महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांची होते. बुलडाण्याच्या एका कारकुनाची मुलगी, बी.एस्सी. झालेली आणि घरच्यांच्या हिशेबाने वर्षभर नोकरी करून मग लग्न करून जाणारी. शाळेजवळच एका पन्नाशीच्या बाईच्या घरात मला खोली मिळाली. नवरा वारलेला, मुलगी सासरी, घरात ती एकटीच. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्या संध्याकाळी तिच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि तसंच अंगणात थुंकलं. मावशीला त्याचं काही वाटलं नाही.

"ते भांडे घासाचं पाणी हाये, बाई. प्याचं पाणी नदीतल्या झिऱ्यावरून आणा लागते. तुमाले कोणी सांगतलं नाई काय?"

त्या पट्ट्यातल्या बहुतेक विहिरी अशाच खाऱ्या, म्हणून लोक नदीच्या रेतीत खड्डा खणून त्यात झिरपलेलं, झिऱ्याचं पाणी प्यायचे. मावशीच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या भाजीचा धंदा होता. घरामागे त्यांचा छोटा मळा होता आणि जुन्या विहिरीचं पाणी बेताचं का होईना, गोड होतं. ती विहीर ढासळली. शेजारी नवी खणली, जास्त खोल, आणि तिला लागलं ते हे पाणी. दोन वर्षं त्यांनी त्याच पाण्यावर वाफे भिजवले. जमिनीवर खाराची पांढरी खरपुडी चढली आणि मळा संपला. नवरा गेल्यावर मावशी दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला आणि कापूस वेचायला जाऊ लागली.

आठवडी बाजारात ती भाजीच्या रांगेकडे वळायची नाही. मीठ-मिरची, डाळ घेऊन परत यायची. भाजी मी आणायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "त्या रांगेत मी बसत व्हतो बाई, तीस वर्षं. आता तिथंच उभं राहून इकत कशी घेऊ?"

तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी जातो, मी करतो. माझ्या शहरी कानाला ते आधी विचित्र वाटायचं. त्या दिवशी मात्र मला फक्त "बसत व्हतो" एवढंच ऐकू आलं.

शाळेत शेतीविषयक एक मासिक यायचं. त्यात मातीशिवाय झाडं वाढवण्यावर एक लेख आला. रेतीत रोपं लावायची, खतं पाण्यात विरघळवून ते पाणी वरून द्यायचं, खाली निथळलेलं गोळा करायचं आणि पुन्हा तेच द्यायचं. मी तो लेख मावशीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"मातीबिगर? मंग झाड उभं काह्यच्या भरवशावर राह्यते?"

"रेतीच्या."

"अन्‌ खाते काय?"

"आपण पाण्यातून देऊ ते."

तिने चिमटीतला खडा बाजूला टाकला. मग सूप खाली ठेवलं. "पाणी किती लागते?"

लेखातला आकडा आमच्या अंगणाला लावून मी सांगितलं, "बारा डब्यांना दिवसाला दोन घागरी. जास्त नाही."

"दोन घागरी झिऱ्यावरून मी मरेस्तोवर आणीन," मावशी म्हणाली. "डबे कोठचे?"

किराणा दुकानातून तेलाचे रिकामे डबे आणले. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून ते आडवे कापून घेतले. गंज उतरू नये म्हणून आतून डांबर लावलं, तळाशी एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि त्याखाली मडकी ठेवली. खामगावहून सोरा आणि सुपर फॉस्फेट ही खतं आणली, औषधाच्या दुकानातून जुलाबाचं मीठ आणि लोहासाठी हिराकस. रेती जवळच्या नाल्यातली. मेथी, पालक आणि चार डब्यांत भेदरं, म्हणजे टमाटे.

आठ-दहा दिवस सगळं इतकं छान उगवलं की शेजारणी कुंपणावरून बघून जायच्या. मग पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मडक्यांच्या तळाशी तांबूस गाळ बसलेला दिसायचा. मी खत वाढवलं. पिवळेपणा वाढला. मी खत कमी केलं. तरी वाढला.

मावशी एक पान उन्हासमोर धरून म्हणाली, "हे उपाशी हाये. तू खायाले देऊन राह्यली, पण ते खाऊन नाई राह्यलं." तोवर तिचं "तुमी" जाऊन "तू" आलं होतं.

शाळेत लिटमस कागद होता. तांबडा कागद मडक्यातल्या पाण्यात बुडवला तर निळा झाला. म्हणजे पाणी आंबट नाही, उलट बाजूला गेलंय, हे कळलं. किती गेलंय, ते कागद सांगत नव्हता. मी दोन दिवसांची रजा टाकली, दोन बाटल्या पाणी आणि पुडीत थोडी रेती घेतली आणि एसटीने बुलडाण्याला गेले. तिथे माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक अधिकारी होते. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे.

त्यांनी माझं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि त्यात एक काचेची नळी सोडली. नळीच्या टोकाला पातळ काचेचा बारीक फुगा होता. नळीची तार एका पेटीला जोडलेली आणि पेटीवर घड्याळासारखी तबकडी. काटा हलला आणि आठच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

"सामू आठच्या वर," ते म्हणाले. "पाणी किती आंबट, किती अल्कधर्मी, ते मोजायचा हा आकडा. सात म्हणजे मधोमध. त्याखाली आंबट. तुमच्या रोपांना सहा ते साडेसहा लागतो. आठवर हिराकस पाण्यात विरघळून राहतच नाही. गाळ दिसतो ना तांबूस? ते तुमचं खत आहे. रोपांना पोचलंच नाही."

मग त्यांनी रेतीवर ॲसिडचा एक थेंब टाकला. रेती फसफसली. "हिच्यात चुनखडी आहे. रेती बदला. आणि खारं पाणी वापरू नका. सामू आम्लाने खाली आणता येतो, पाण्यातला खार नाही जात."

"झिऱ्याचं गोडं पाणी वापरते. दर आठवड्याला बाटली पाठवली तर तुम्ही मोजून द्याल?"

"रोज बदलतं ते. बाटली इथे येईपर्यंत तुमच्या डब्यात दुसरंच काही झालेलं असेल. यंत्र शेजारी असल्याशिवाय जमायचं नाही."

"मग यंत्र द्या," मी म्हणाले.

इतकं सरळ मी आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नवं यंत्र आल्यापासून जुनं एक कपाटात पडून होतं, वापरातून काढलेलं. शाळेच्या शिक्क्याचं पत्र पाठवायच्या अटीवर त्यांनी ते सहा महिन्यांसाठी माझ्या नावावर लिहून दिलं. सोबत काही गोळ्या दिल्या. एक प्रकारची गोळी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवली की त्या पाण्याचा सामू बरोबर चार, दुसरीने सात, तिसरीने नऊच्या जरा वर. यंत्र खरं बोलतंय की नाही, हे त्यावरून ताडायचं. निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. काचेचा फुगा कधी कोरडा पडू द्यायचा नाही. आणि तो कधी घासायचा नाही.

घरी आल्यावर आम्ही सगळे डबे उपसले. पिवळी रोपं गुरांपुढे गेली. मावशीने शाळेतल्या बाटलीतलं पातळ ॲसिड आणि काचेची पिचकारी घेऊन नदीचं पात्र पालथं घातलं. दर दहा पावलांवर मूठभर रेती, त्यावर एक थेंब. "हे फसफसते. हे बी फसफसते." सातव्या ठिकाणी रेती गप्प राहिली. तिथून आम्ही पाट्यांनी रेती वाहून आणली, चार रविवार. धुतली, वाळवली, भरली.

गावात वीज होती पण ती कधी जोरात, कधी मंद. पिठाची गिरणी सुरू झाली की काटा थरथरायचा. म्हणून सकाळी गिरणी उघडायच्या आत मोजायचं ठरलं. आधी सातच्या पाण्यात नळी बुडवायची, बटण फिरवून काटा सातवर आणायचा, नळी धुवायची, मग चारच्या पाण्यात, मग डब्यातून निथळलेल्या पाण्यात. मावशीला आकडे वाचता येत नव्हते. मी तबकडीवर सहाच्या आणि साडेसहाच्या जागी लाल टिकल्या चिकटवल्या. त्या दिवसापासून ती माझी वाट बघेनाशी झाली. मी दात घासत असायचे आणि आतून आवाज यायचा, "दोन टिकल्यांच्या मधात नाई आज. वर गेला काटा!"

ॲसिडवर तिचा विश्वास नव्हता. आधी निंबू पिळून बघू म्हणाली. पिळलं. काटा सुरेख खाली आला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. तीन दिवस तिने निंबं पिळली. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "आण तुहं ते मोटारीवालं." ट्रकच्या बॅटरीत घालतात ते ॲसिड मी शेगावच्या एका गॅरेजमधून आणलं होतं. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधी नाही, हे मी तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. मग घागरीमागे किती थेंब, ते तीच ठरवू लागली.

एकदा ती म्हणाली, "यंत्र नसतं तं मी जिभेनं सांगतलं असतं." मी तीन वाट्यांत तीन विहिरींचं पाणी ठेवलं. कुठलं किती खारं, ते तिने एका घोटात बरोबर सांगितलं. मग झिऱ्याचं पाणी दोन वाट्यांत ठेवलं, एक तसंच, सामू आठचं, आणि दुसऱ्यात लिंबाचे दोनच थेंब, सामू सातचं. तिने दोनदा चाखलं, तिसऱ्यांदा चाखलं.

"एकच हाये दोनी."

"नाही मावशी."

"नाई? मंग खार मी सांगतो, हे तुहं यंत्र सांगू दे," असं म्हणून तिने वाट्या उचलल्या.

थंडी सुरू झाली. या वेळची मेथी गर्द हिरवी आली. टमाट्यांना फुलं धरली. आणि नेमकं तेव्हा घरून पत्र आलं, मुलाकडचे बघायला येणार आहेत, ये. मी तीन दिवसांसाठी बुलडाण्याला गेले. जायच्या सकाळी सामू मोजला, सहा पूर्णांक दोन. त्या पाण्याची एक बाटली काठोकाठ भरून, बूच लावून बाजूला ठेवली, परत आल्यावर डब्यातल्या पाण्याशी ताडून बघायला.

परत आले तेव्हा मावशी दारातच उभी होती, खुशीत. "तुहं काचेचं बोंड घासून ठेवलं. पांढरं-पांढरं बसलं व्हतं त्याच्यावर. राखेनं घासलं, नारळाच्या शेंडीनं. आता पाह्य कसं चकाकते."

मी पिशवी खाली टाकली आणि आत गेले. फुग्यावर ओरखडेच ओरखडे, आणि उजेडात धरल्यावर तड्याची केसासारखी रेघ. नळी पाण्यात सोडली. काटा एका टोकाला गेला आणि तिथेच पडून राहिला. सातच्या पाण्यात तेच, चारच्या पाण्यात तेच.

"काय केलंत हे तुम्ही!" मी ओरडले. "घासायचं नसतं ते!"

मावशीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "कोरडं नाई पडू द्याचं म्हणली व्हती तू. मी पडू नाई दिलं. घासाचं नाई, हे तू मले सांगतलं नाई."

आणि ते खरं होतं. बुलडाण्याच्या साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, मी एकच घरी आणली होती. दुसरी मला इतकी उघड वाटली की सांगायची आठवणच झाली नाही. हे मला त्याच क्षणी कळलं, तरी मी बोलले नाही. मला राग धरून बसायचं होतं. बुलडाण्याला चहाचा ट्रे घेऊन बसले होते तेव्हापासून तो राग साठत आला होता, आणि मावशीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. ती मी उठायच्या आत कामाला निघून जायची. घागरी मात्र भरलेल्या असायच्या. खामगावला, शेगावला माणसांकरवी विचारलं, सामू दाखवणारे कागद कुठेच मिळेनात. मी अंदाजाने ॲसिड टाकायला गेले आणि हात थांबला. दोन थेंब जास्त पडले तर मुळं जळतील. न टाकावं तर मेथी पुन्हा पिवळी पडेल. पानांच्या कडा फिकट व्हायला लागल्याच होत्या.

तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसली होती. मी जाऊन समोर बसले.

"मावशी, चूक माझी आहे. मी सांगितलं नव्हतं."

"ते मले माहीत हाये," ती म्हणाली. "पण हात माहा व्हता." तिने लाकूड आत सरकवलं. "आता सांग. डबे उपसाचे काय?"

"नाही."

"मंग बोल, काय कराचं ते."

मी दोन दिवस राग सोडून दुसरा विचार केलाच नव्हता असं नाही. जास्वंदीच्या फुलाचं पाणी आंबटात लाल होतं आणि अल्कात हिरवं, हे मी नुकतंच सातवीला शिकवलं होतं. शाळेच्या आवारात जास्वंदीचं झाड होतं. मावशीने सकाळी पदरभर फुलं आणली. पाकळ्या गरम पाण्यात सोडून गर्द रंग काढला, त्यात पांढरे टिपकागद बुडवले, सावलीत वाळवले आणि बोटभर पट्ट्या कापल्या. प्रत्येक प्रकारची एकेकच गोळी उरली होती, ती विरघळवली. चारच्या पाण्यात पट्टी गुलाबी झाली. सातच्या पाण्यात करडी-निळसर. नऊच्या पाण्यात हिरवी.

"आन्‌ आपल्याले कोणता रंग पाह्यजे?" मावशीने विचारलं.

तो या तिन्हींत नव्हता. गुलाबी आणि करड्याच्या मधला, पण मधला म्हणजे कोणता? मग मला ती बूच लावलेली बाटली आठवली. तिचा सामू मी जायच्या सकाळी यंत्रावर मोजला होता, तेव्हा यंत्र शाबूत होतं. बूच काढून पट्टी बुडवली.

"वांग्याचं फूल," मावशी लगेच म्हणाली. "वांग्याच्या फुलाचा रंग हाये हा."

मला तो नुसता जांभळा दिसत होता. माझ्या डोळ्यांना दोन छटांत फरक कळेना, तिला चार छटा दिसायच्या. पट्टीचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून खूण म्हणून दुसरं काहीतरी हवं होतं. तिने सुई-दोऱ्याचा डबा उपडा केला, जुन्या लुगड्याच्या काठातले धागे ओढून पाहिले, आणि ओल्या पट्टीशी जुळेल असा एक धागा काढून माझ्या हातात दिला. आम्ही तो पुठ्ठ्याला गुंडाळून खुंटीला टांगला. त्या सकाळी डब्यातल्या पाण्यात पट्टी धाग्यापेक्षा निळी निघाली. मावशीने तीन थेंब टाकले, ढवळलं, नवी पट्टी बुडवली. अजून एक थेंब. मग पट्टी आणि धागा उन्हात शेजारी धरून म्हणाली, "हाव. बराबर."

आठवड्याभरात नवी पानं गर्द आली.

सहा महिने भरायच्या आधीच साहेब स्वतः आले. संग्रामपूरकडे मातीचे नमुने घ्यायला आले होते, वाट वाकडी करून आमच्याकडे वळले. मी चहाच्या आधी पेटी उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं, माझ्या विसरण्यासकट. त्यांनी फुगा उजेडात फिरवून पाहिला.

"काच कधीतरी जातेच. पण त्याच दिवशी मला पत्र टाकायला हवं होतं तुम्ही."

"हो," मी म्हणाले. मी भीतीने टाकलं नव्हतं.

मग ते अंगणात गेले आणि डब्यांपुढे बराच वेळ वाकून उभे राहिले. त्यांच्या पिशवीत बॅटरीवर चालणारं नवं लहान यंत्र होतं. मावशीने त्यांना थांबवलं. "साहेब, पह्यले माही पट्टी." तिने पट्टी बुडवली, धाग्याशी धरली, डोळे बारीक केले. "जराक वर चढलं हाये आज. दोन थेंब लागतीन."

यंत्राने सहा पूर्णांक सात दाखवलं.

साहेब हसले नाहीत, शाबासकीही दिली नाही. त्यांनी तिच्याकडून एक कोरी पट्टी मागून घेतली आणि आपल्या डायरीत ठेवली. मला वाटतं, मावशीला शाबासकीपेक्षा तेच जास्त आवडलं.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी तिने पहाटेच मेथी उपटली, जुड्या बांधल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत रचल्या. वर दहा-बारा टमाटे. मधल्या सुट्टीत मी बाजारात गेले तेव्हा ती भाजीच्या रांगेत बसली होती, दोन बायकांच्या मध्ये, जागा थोडी सरकवून घेऊन. लुगडं धुतलेलं होतं. समोर एक गिऱ्हाईक बाई मेथीचं पान चुरगाळून वास घेत होती.

"कोणत्या मळ्याची व ही?"

"मळा नाई. अंगणात डबे हायेत माह्ये. रेतीत लावली."

"रेतीत?" ती बाई हसली. शेजारच्या दोघीही हसल्या.

"रेतीत," मावशी म्हणाली. "घ्याची असन तं घे, नाई तं ठेव. मागं लोक उभे हायेत."

त्या बाईने तीन जुड्या घेतल्या.

मी घरी वडिलांना पत्र लिहिलं की मला ते स्थळ नको आहे आणि नोकरी इतक्यात सोडायची नाही. उत्तर यायला महिना लागला आणि ते काही गोड नव्हतं, पण मी वरवटला आणखी चार वर्षं राहिले. त्या उन्हाळ्यात आम्ही बाराचे वीस डबे केले. दोन घागरींच्या चार झाल्या, म्हणून शाळेआधी मीही झिऱ्यावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी अर्धी घागर माझ्याच अंगावर सांडली. पुढे चालणारी मावशी मागे वळून न बघता म्हणाली, "मान सरळ ठेव. पाण्याकडे नको पाहू, रस्त्याकडे पाह्य."

नंतर माझी बदली डोणगावला झाली, तिथे गोडं पाणी मुबलक होतं. मावशीने डबे आणखी बरीच वर्षं चालवले, गुडघे साथ देईनासे होईपर्यंत. दर दिवाळीला तिच्या मुलीच्या अक्षरात पत्र यायचं. त्यात तब्येतीची चौकशी एक ओळ, आणि बाकी सगळं डब्यांविषयी.